तेल आणि ऑक्सिजनची गाठ कुठे पडते?

वर्कशॉपच्या गॅस वेल्डिंग सेक्शनला ऑक्सिजन सिलिंडरवरचा गेज कधी जवळून पाहिलाय? त्याच्या डायलवर बारीक अक्षरांत 'यूज नो ऑइल' असं छापलेलं असतं. व्हायवात 'का?' विचारलं की निम्मी बॅच 'सर, आग लागते' म्हणते आणि उरलेली बुटांकडे बघते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. तेल तर हवेतही जळतं, मग ऑक्सिजनचंच एवढं काय? हे समजायला एक वेगळं उदाहरण घेऊ. अमेरिका-इंग्लंडकडचे काही हौशी डायव्हर्स श्वासासाठी लागणारा नायट्रॉक्स गॅस स्वतःच्या गॅरेजमध्ये बनवतात. तिथे तेल आणि फिल्टर निवडताना हाच प्रश्न जिवावरचा होतो.

नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. साध्या हवेत तो २१ टक्के असतो, इथे बहुधा ३२ किंवा ३६. अमेरिकेच्या 'नोआ' या समुद्र-हवामान संस्थेने १९७९च्या आपल्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये याची पद्धत दिली. फायदा सरळ आहे. नायट्रोजन कमी, म्हणून शरीरात तो मुरतोही कमी. ३२ टक्के मिश्रणावर १८ मीटर खोल गेलात तर नायट्रोजनच्या हिशेबात तुम्ही साध्या हवेवर १४ मीटरवरच आहात. तोटाही आहे. जास्त दाबाचा ऑक्सिजन विषारी ठरतो, त्यामुळे या मिश्रणावर साधारण ३३ मीटरखाली जात नाहीत. (तारकर्ली-मालवणला पर्यटक म्हणून जी बुडी मारतो ती उथळ असते, तिला साधी हवा पुरते.)

आता बनवायचा कसा? घरगुती पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन भरायचा आणि वर कॉम्प्रेसरची हवा. २०० बारला ३२ टक्के हवं असेल तर गणित सोपं: २०० × (०.३२ − ०.२१) ÷ ०.७९, म्हणजे सुमारे २८ बार ऑक्सिजन, बाकी हवा. दुसरीत कॉम्प्रेसर हवा ओढतो त्या पाइपमध्येच ऑक्सिजन मिसळायचा आणि तयार मिश्रण दाबायचं.

सगळी गोम इथे आहे. पहिल्या पद्धतीत कॉम्प्रेसरला जादा ऑक्सिजन कधी दिसतच नाही. पण त्याच्या हवेबरोबर आलेलं तेल सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये बसतं आणि पुढच्या वेळी त्याच व्हॉल्व्हमधून शुद्ध ऑक्सिजन जातो. दुसऱ्या पद्धतीत शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली येतच नाही. पण ३२ टक्क्यांचं मिश्रण गरम कॉम्प्रेसरमध्ये थेट तेलावरून जातं. म्हणून 'सगळ्यात चांगलं तेल कोणतं?' हा प्रश्न पहिला नव्हे. तेल आणि ऑक्सिजनची गाठ कुठे पडते, हे आधी विचारायचं. पहिल्या पद्धतीत सगळी मदार फिल्टरवर, दुसरीत तेलावर आणि तापमानावर.

तापमान किती? सेकंड इयरचं थर्मो आठवा. ३० अंशांची हवा एका दमात २०० बारला दाबली तर अॅडियाबॅटिक हिशेबाने ती ११०० अंशांवर जाईल. म्हणून तीन स्टेज आणि मध्ये कूलर. प्रत्येक स्टेजचं प्रेशर रेशो ५.८५ धरलं तर तापमान सव्वादोनशेच्या आसपास येतं. प्रत्यक्षात फिन्समधून उष्णता जाते म्हणून त्याहून कमी. पण पंखा बंद पडला, व्हॉल्व्हवर कार्बन साचला किंवा मशीन कोंदट खोलीत चालवलं की तेवढी सवलतही जाते. हेच गणित ऑक्सिजनच्या नळीलाही लागू. बंद व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीत १५० बार ऑक्सिजन झटक्यात सोडला तर टोकाला अडकलेला गॅस हजार अंशांच्या घरात पोचू शकतो. तिथे तेलाचा नुसता पापुद्रा पुरतो! म्हणून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह नेहमी अगदी सावकाश उघडायचा.

तेलाच्या डब्यावरचा फ्लॅश पॉइंट बघून लोक खूश होतात. पण तो साध्या हवेत, साध्या दाबाला मोजलेला असतो. दाब आणि ऑक्सिजन वाढला की तेल आपणहून पेटण्याचं तापमान खाली येतं. तरी निवड करायचीच. खनिज तेल स्वस्त, पण गरम व्हॉल्व्हवर त्याचा कार्बन जास्त साचतो. डायएस्टर जातीचं सिंथेटिक तेल स्वच्छ राहतं, मात्र नायट्राइल रबरचे सील आणि काही प्लॅस्टिक खातं. शिवाय जुना कार्बन सोडवून पुढे ढकलतं, म्हणून खनिजावरून त्यावर जाताना मशीन धुऊन घ्यावं लागतं. पॉलिअल्फाओलेफिन जातीचं तेल सीलशी जमवून घेतं. माझं मत विचाराल तर उत्पादकाने श्वसनाच्या हवेसाठी मान्य केलेल्या तेलांपैकी सिंथेटिक घ्यावं आणि ते वेळेवर बदलावं. गाडीचं इंजिन ऑइल कदापि नको. त्यातले अॅडिटिव्ह फुप्फुसासाठी बनवलेले नाहीत. परफ्लुओरो जातीची तेलं ऑक्सिजनमध्ये जवळपास पेटतच नाहीत. मग तीच का भरू नयेत? महाग आहेत, गंजापासून फारसं वाचवत नाहीत आणि साध्या तेलात मिसळत नाहीत. त्यांचं ग्रीस मात्र व्हॉल्व्हच्या ओ-रिंगला हवंच, तिथे सिलिकॉन ग्रीस चालत नाही.

दुसऱ्या पद्धतीत ४० टक्क्यांच्या वर कुणी शहाणा जात नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत ४० टक्क्यांच्या वर उपकरण ऑक्सिजनसाठीच बनवलेलं लागतं. कॉम्प्रेसरच्या उत्पादकाची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची. आणि मशीन थांबवताना आधी ऑक्सिजन बंद, मग मोटर. उलट केलंत तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ऑक्सिजन साठून राहतो.

आता फिल्टर. श्वसनाच्या हवेच्या युरोपियन मानकात तेलाची मर्यादा घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. शुद्ध ऑक्सिजनवर भरायच्या हवेला डायव्हर्स ०.१ मागतात. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २८ बार ऑक्सिजनवर १७२ बार हवा भरली तर सुमारे दोन घनमीटर हवा गेली, म्हणजे एका वेळेला एक मिलिग्रॅम किंवा ०.२. आकडा हास्यास्पद वाटतो, पण पन्नास वेळा भरल्यावर ५० विरुद्ध १० होतो. म्हणून नेहमीच्या फिल्टरपुढे आणखी एक जोडतात.

फिल्टरमध्ये आधी मॉलिक्युलर सीव्ह हवेतलं पाणी ओढतो, मग अॅक्टिव्हेटेड कार्बन तेलाची वाफ धरतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी हॉपकॅलाइट असेल तर तोही सीव्हच्या पुढेच, कारण ओल लागली की तो निकामी होतो. म्हणजे तेलाच्या फिल्टरचा खरा शत्रू पाणी! सीव्ह ओला झाला की कार्बनही गेला. २० अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरला १७ ग्रॅम वाफ असते, ३० अंशांना ३०, ४० अंशांना ५१. म्हणजे २० अंशांना तीस तास टिकणारं कार्ट्रिज ४० अंशांना जेमतेम दहा तास टिकेल. कोकणातल्या मे महिन्यात कुणी हा उद्योग केला तर कॅटलॉगमधले तास विसरावेत. सेपरेटरमधलं पाणी दर दहा-पंधरा मिनिटांनी सोडायचं आणि फिल्टरनंतर प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह ठेवायचा. दाब सुरुवातीपासून चढा राहिला की बरंचसं पाणी सेपरेटरमध्येच गळतं आणि सीव्हपर्यंत कमी पोचतं.

आणखी एक. जास्त तापलेलं तेल आतल्या आत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड देतं, आणि त्याला वास नसतो. हवेत १० पीपीएम असेल तर ३० मीटर खाली, चार बार दाबाला, तो जमिनीवरच्या ४० पीपीएमइतका लागतो. म्हणून भरलेल्या सिलिंडरचा ऑक्सिजन अॅनालायझरने मोजतात, टक्के आणि तारीख टेपवर लिहून चिकटवतात, आणि त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइडही तपासतात. कार्ट्रिजचे तास मशीनशेजारच्या वहीत त्या दिवसाच्या तापमानासकट लिहायचे, अंदाजाने नव्हे.