कार्टूनपट विभाग, फिल्म्स डिव्हिजन

कार्टूनपट विभाग, फिल्म्स डिव्हिजन : भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा (स्थापना १९४८) मुंबई येथील ॲनिमेशनपट तयार करणारा विभाग. तो १९५६ मध्ये सुरू झाला. वॉल्ट डिझ्नी स्टुडिओत काम केलेले, भारतात जन्मलेले क्लेअर वीक्स यांनी अमेरिकी तांत्रिक साहाय्याखाली येथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले. जातककथेवरील द बनियन डिअर (१९५७) ही विभागाची आरंभीची निर्मिती होय.

कथेची क्रमवार चित्रे झाल्यावर कागदावरील रेखाटने पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवून मागील बाजूने रंगवीत आणि पार्श्वचित्रावर ठेवून एकेक चौकट चित्रित करीत. सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक रेखाटन दोन चौकटींसाठी वापरले, तरी सलग हालचालींच्या १० मिनिटांच्या पटास सु. ७,२०० रेखाटने लागत.

सरकारी लघुपट दाखविण्याचे चित्रपटगृहांवर बंधन असल्याने हे पट जालन्यासारख्या गावांतील निरक्षर प्रेक्षकांपर्यंतही पोहोचू शकले. तथापि कुटुंबनियोजनासारखे विषय बहुधा सरकारी गरजेनुसार ठरत. त्यामुळे कलावंतांच्या स्वातंत्र्यास मर्यादा पडे. या चौकटीतही प्रमोद पती यांनी लक्षणीय प्रयोग केले. येथेच घडलेल्या राम मोहन यांनी १९६८ मध्ये विभाग सोडला आणि १९७२ मध्ये स्वतःची संस्था काढली. खाजगी व्यवसायास प्रशिक्षित कलावंत मिळाले, ते मुख्यतः अशा रीतीने. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. भारतीय ॲनिमेशनची कार्यशाळा म्हणून या विभागाचे महत्त्व त्याच्या पटांइतकेच मोठे आहे.