दुर्बिणीचा वेळ मागायचा तर अर्जात काय लिहावं लागतं?



"त्या मोठ्या दुर्बिणीतून कोण बघतं? आपल्याला बघू देतात का?" चौथी-पाचवीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. "शास्त्रज्ञ बघतात" एवढं सांगून आपण पुढचा धडा घेतो. पण शास्त्रज्ञांनाही दुर्बीण सहज मिळत नाही बरं का! त्यांना अर्ज करावा लागतो, आणि तो नामंजूरही होऊ शकतो. हा अर्ज कसा असतो, ते आज पाहू.

उदाहरण घेऊ युरोपियन व्हीएलबीआय नेटवर्कचं, म्हणजेच ईव्हीएनचं. १९८० मध्ये युरोपातल्या पाच संस्थांनी एकत्र येऊन याची सुरुवात केली. आज जर्मनीतल्या एफेल्सबर्गची १०० मीटर व्यासाची तबकडी, इंग्लंडमधली जॉड्रेल बँक, चीनमधली तियान्मा, दक्षिण आफ्रिकेतली हार्टेबीस्टहुक अशा कितीतरी रेडिओ दुर्बिणी त्यात आहेत. ठरलेल्या वेळी त्या सगळ्या आकाशातल्या एकाच ठिकाणाकडे वळतात. प्रत्येकीजवळ अणुघड्याळ असतं, त्यामुळे कोणती लहर नेमकी कधी आली याची नोंद होते. या सगळ्या नोंदी नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावी जाइव्ह या संस्थेत एकत्र जुळवल्या जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? दोन दुर्बिणींमधलं अंतर जितकं जास्त, तितका बारीक तपशील कळतो. एफेल्सबर्ग ते हार्टेबीस्टहुक सरळ रेषेत सुमारे आठ हजार किलोमीटर आहे. सहा सेंटीमीटर लांबीच्या लहरी वापरल्या तर या जोडीला साधारण दीड मिलिआर्कसेकंदाचा तपशील कळतो. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिआर्कसेकंद. मुलांना सांगायचं तर, चंद्रावर उभा असलेला उंच माणूस इथून जेवढा दिसेल, जवळजवळ तेवढा!

आता अर्जाकडे येऊ. तो कुठल्याही देशातल्या खगोलशास्त्रज्ञाला करता येतो, दुर्बिणींचं भाडं भरावं लागत नाही. या तंत्रात मुरलेलं असण्याचीही अट नाही, निरीक्षण आखायला जाइव्हमधले तज्ज्ञ मदत करतात. अर्जाच्या नेहमीच्या शेवटच्या तारखा वर्षाला तीन : १ फेब्रुवारी, १ जून आणि १ ऑक्टोबर. अडचण वेळेची असते. या दुर्बिणींना एरवी आपापल्या संस्थांची कामं असतात. सगळ्या मिळून निरीक्षण करण्याची मुख्य सत्रं वर्षातून तीनच, आणि प्रत्येक सत्र फार तर तीन आठवड्यांचं. म्हणजे एकाला दिलेले बारा तास दुसऱ्या कुणाचे तरी गेलेले असतात. म्हणून तज्ज्ञांची समिती प्रत्येक अर्ज वाचते आणि त्याला श्रेणी देते.

मुख्य मजकुराला पानं किती? दोन! आकृत्यांसाठी फार तर आणखी दोन. (आपल्याकडे एका साध्या प्रस्तावाला किती कागद जोडतो, ते आठवून पाहा.) वस्तू आकाशात कुठे आहे, कोणत्या लांबीच्या लहरी हव्यात, कोणत्या दुर्बिणी हव्यात, किती तास हवेत आणि तेवढेच का, हे सगळं सांगावं लागतं. जवळपासचा एखादा ओळखीचा तेजस्वी पिंडही सुचवावा लागतो. वातावरणामुळे लहरी विस्कटतात, म्हणून दुर्बिणी दर काही मिनिटांनी त्या पिंडाकडे वळून आपलं माप तपासून घेतात.

पण खरी कसोटी असते प्रश्नाची. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. टक्कर झाली होती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. पुढे कित्येक महिने त्या जागेचं रेडिओ तेज वाढत राहिलं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनेही ते टिपलं. पण टकरीतून बाहेर पडलेला पदार्थ ढगासारखा चहूकडे पसरत होता, की पिचकारीसारखा एका दिशेने सुटला होता? नुसतं तेज मोजून हे सुटत नव्हतं, दोन्ही प्रकारे तेज तसंच वाढलं असतं. आकार मोजायला हवा होता. जीएमआरटीच्या तीस अँटेना पंचवीस किलोमीटरच्या परिसरात आहेत, तेवढ्या अंतरावर इतका बारीक आकार कळत नाही. मार्च २०१८ मध्ये पाच खंडांवरच्या ३२ दुर्बिणी एकदम त्या जागेकडे वळल्या. आकार अडीच मिलिआर्कसेकंदांपेक्षा लहान निघाला. ढग असता तर तो याहून मोठा दिसला असता. म्हणजे पिचकारीच!

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आकार मोठा निघाला तर काय समजायचं आणि लहान निघाला तर काय, हे बघण्याआधीच स्पष्ट होतं. "काही दिसतंय का बघू" एवढ्यावर बारा तास मागणं कठीण. आपल्या विज्ञान प्रकल्पांत मात्र बऱ्याचदा उलटं होतं. आधी प्रतिकृती तयार होते आणि 'उद्देश' हा रकाना आदल्या रात्री भरला जातो.

वर्गात हे करून पाहता येईल. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच असेल, तर तो आठवड्यातून दोन तासच मिळणार असं जाहीर करा. प्रत्येक गटाने अर्ध्या पानाचा अर्ज लिहायचा : काय बघायचंय, त्याला सूक्ष्मदर्शकच का हवा, भिंग का पुरणार नाही, किती मिनिटं हवीत, आणि काही दिसलं नाही तर त्यावरून काय कळेल. अर्ज वाचणारी समितीही मुलांचीच ठेवा, फक्त स्वतःच्या गटाचा अर्ज कुणी तपासायचा नाही. नामंजूर अर्जावर कारण लिहिणं सक्तीचं करा, म्हणजे तो गट सुधारून पुन्हा अर्ज करू शकेल.

जीएमआरटीसाठीही जगभरातले खगोलशास्त्रज्ञ असेच अर्ज करतात, वर्षातून दोनदा. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. पुणे, नगर, नाशिककडच्या शाळांना एका दिवसात जाऊन येता येतं. सहल नेलीत तर तिथल्या शास्त्रज्ञांना मुलांना एवढं नक्की विचारू द्या : "तुमचा अर्ज कधी नामंजूर झालाय का, आणि का?"