आधी पाय टेकून बघा

साठीच्या आसपासचा माणूस लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल घ्यायला निघाला की सल्ल्यांना ऊत येतो. शोरूममधला मुलगा बीएचपीचे आकडे सांगतो, मित्र ‘घ्यायची तर बुलेटच’ म्हणतात आणि घरचे ‘आता कशाला?’ म्हणतात. घरच्यांचं सोडून देऊ. बाकीच्यांचं सगळं बोलणं धावत्या गाडीबद्दल असतं, आणि धावती गाडी वय झालेल्या माणसाला फारसा त्रास देत नाही. ताशी वीसच्या पुढे गेली की ती आपला तोल आपणच सांभाळते. तिचं १९० किलो वजन हाताला कळतही नाही. ते कळतं सिग्नलला थांबताना, चढावर उभं राहताना, धाब्याच्या खडीवर वळवताना, सोसायटीच्या पार्किंगमधून मागे ओढताना. म्हणून गाडीची पारख उभ्या गाडीपासून सुरू करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं माप आपलं स्वतःचं. घरात भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहावं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरावं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावावी. ही झाली पायाची आतली लांबी. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाची ती साधारण ७४ ते ७७ सेंटिमीटर भरते. बुटाचे दोन-तीन सेंटिमीटर त्यात मिळवावेत. आपण बसलो की शॉकअप दबून गाडीही थोडी खाली जाते, तेवढाही फायदा धरावा. मग कंपनीच्या कागदावरची सीटची उंची बघावी. बजाज ॲव्हेंजर क्रूझची ७३७ मिलिमीटर, रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५०ची ७६५, होंडा हायनेस सीबी ३५० आणि डॉमिनार ४००ची ८००, क्लासिक ३५०ची ८०५, हिमालयन ४५०ची ८२५, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. नुसत्या आकड्यावर मात्र जाऊ नये. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढे आखूड पडतात. ८०० मिलिमीटरची निमुळती सीट कधी कधी ७८० मिलिमीटरच्या रुंद सीटपेक्षा सोयीची निघते.

विशीत एका पायाच्या चवड्यावर गाडी पेलता येते. साठीत दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, निदान एक तळवा पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा तरी. यामागचा हिशेब ढोबळ असला तरी समजून घेण्यासारखा आहे. गाडीचं वजन १९० किलो आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आहे असं धरू. हँडल साधारण मीटरभर उंचीवर. गाडी सरळ उभी असेल तर हाताला भार शून्य. दहा अंश कलली की हँडलवर साधारण १६ किलोचा जोर लावावा लागतो, वीस अंशांवर ३२ किलोचा, तीस अंशांवर ४७ किलोचा. तोल सांभाळण्याची खरी संधी पहिल्या दहा अंशांतच असते. त्यापुढे गाडी पडायचीच. तिला थोपवायला गेलेल्यांचा खांदा किंवा कंबर जाते. तेव्हा सोडून द्यावी आणि पाय बाजूला घ्यावा. हाच हिशेब २४१ किलोच्या सुपर मिटिऑर ६५०ला लावला तर वीस अंशांवर ४१ किलो येतात. तिची सीट फक्त ७४० मिलिमीटर उंच आहे, पाय मस्त टेकतात, पण खडीवर पाय घसरला की बुटक्या सीटचा काही उपयोग होत नाही. उंची आणि वजन ही दोन्ही मापं एकत्र बघायची असतात.

शोरूममध्ये गेल्यावर हे करून बघा. नेहमीचे बूट घालून जा. विक्रेत्याला गाडी भिंतीपासून मोकळी करायला सांगा. डाव्या बाजूने हँडल धरून ती दहा पावलं पुढे ढकला, मग दहा पावलं मागे ओढा. नंतर वर बसा, साइड स्टँड काढा आणि बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे सरकवा. दम लागला, मांडीत गोळा आला किंवा विक्रेता धावत मदतीला आला, तर कागदावरचं बाकी सगळं वाचायची गरज नाही. बसताना पाय सीटवरून सहज पलीकडे जातो का, हेही बघा. खुब्याचा सांधा आखडलेला असेल तर मागे उंच टॉप बॉक्स लावलेल्या गाडीवर चढणं ही एक कसरत होऊन बसते. सामान दोन्ही बाजूंच्या खोगिरासारख्या बॅगांत खाली भरलेलं बरं. चढायला सोपं जातं आणि वजनही खाली राहतं.

आता बसण्याची ठेवण. सीट, हँडल आणि फुटरेस्ट या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो, त्यावर तुमची पाठ आणि गुडघे यांचं भवितव्य ठरतं. लोकांचा समज असा की पाय पुढे ताणून, मागे रेलून बसायची क्रूझर म्हणजे आरामच आराम. गुडघ्यांपुरतं ते खरंही आहे: गुडघा जास्त दुमडत नाही, त्यामुळे तासाभराने उतरताना तो कुरकुरत नाही. पण पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. रस्त्यात खड्डा आला तर साध्या ठेवणीच्या गाडीवर आपण फुटरेस्टवर पाय रोवून बूड बोटभर उचलतो आणि धक्का गुडघे खातात. क्रूझरवर हे जमत नाही, कारण पाय शरीराच्या खाली नसतातच. धक्का थेट मणक्यात जातो. त्यातून क्रूझरचे मागचे शॉकअप बहुधा आखूड असतात. गुळगुळीत रस्त्यांच्या देशात जन्मलेली ही ठेवण आपल्या न दिसणाऱ्या स्पीडब्रेकरांवर उघडी पडते. म्हणून गुडघे दुखत असतील तर क्रूझरकडे झुकावं. कंबरेचा मणका सरकलेला असेल, स्लिप डिस्कचा इतिहास असेल, तर सरळ पाठीची साधी ठेवण, हँडल थोडं उंच आणि जवळ, फुटरेस्ट जवळजवळ सीटखाली अशी गाडी बघावी. दोन्ही दुखत असेल तर हायनेस किंवा क्लासिकसारखा मधला मार्ग घ्यावा आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. कृत्रिम गुडघा बसवलेल्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच करू नये.

हँडल दूर वाटत असेल तर राइझर नावाचे ठोकळे बसवून ते उचलता आणि मागे घेता येतं. हे काम स्वस्त आहे. क्लच-ब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हे मात्र हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. सीटच्या बाबतीत एक फसवणूक ठरलेली आहे. शोरूममध्ये बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी सीट पन्नास किलोमीटरनंतर पाटासारखी कडक होते, कारण फोम पूर्ण दबून आपण खालच्या तळावरच बसलेलो असतो. चांगली सीट हाताला आधी जरा घट्टच लागते. चांगला सीट-कव्हरवाला फोम बदलून देतो. त्याला ‘मऊ कर’ म्हणू नका, ‘दाट फोम टाक आणि पुढचा उतार काढ’ म्हणा.

हादऱ्यांकडे तरुण माणूस दुर्लक्ष करतो. साठीत बोटं बधिर होतात आणि मनगटात मुंग्या येतात. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर मागच्या ब्रेकचा अंदाजही चुकतो. एका सिलिंडरचं इंजिन जात्याच हलतं. त्याला शमवायला आत बॅलन्सर शाफ्ट बसवतात, तो इंजिनाच्या उलट दिशेने फिरून हादरा मारतो. मिटिऑर २०२० साली आली तेव्हा तिच्या नव्या ३४९ सीसी इंजिनाचा मोठा फरक हाच होता. जुनी बुलेट ज्यांनी चालवली आहे त्यांना तो पहिल्या किलोमीटरलाच कळतो. चाचणी घेताना गाडी ज्या वेगाने प्रवासात चालवणार त्याच वेगाला, म्हणजे सत्तर-ऐंशीला, दहा मिनिटं धरून ठेवा आणि आरशात बघा. मागची गाडी ओळखू येत नसेल, नुसता थरथरणारा डाग दिसत असेल, तर तीच थरथर तुमच्या मनगटातही चालू आहे.

सत्तर-ऐंशी म्हटलं तेही विचार करून. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मुळातच बंदी आहे. आपले रस्ते म्हणजे जुना हायवे, राज्यमार्ग आणि घाट. ताम्हिणी, वरंध किंवा आंबोलीत ४० बीएचपीचं काही काम पडत नाही. तिथे कमी फेऱ्यांना ओढणारं इंजिन लागतं, म्हणजे वळणावर गिअर पाडत बसावं लागत नाही. हायनेसचा ३० न्यूटन-मीटर टॉर्क ३००० फेऱ्यांनाच मिळतो आणि क्लच हलका आहे, ही मला बीएचपीपेक्षा मोलाची गोष्ट वाटते. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर क्लच वीस वेळा दाबून-सोडून बघा, तेही गाडी गरम झाल्यावर. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ऐंशीवरून शंभरला गेलात की छातीवरचा दाब दीडपटीहून जास्त होतो. दिवसअखेरीचा निम्मा थकवा हा वाऱ्याचा आणि हेल्मेटमधल्या आवाजाचा असतो. मध्यम उंचीची काच बसवावी, पण तिची वरची कड नजरेच्या रेषेत येऊ देऊ नये. चष्मेवाल्यांना दोन काचांतून रस्ता बघणं रात्री जड जातं.

टायर ट्यूबलेस हवेत, यावर मी तडजोड करणार नाही. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. ती पंक्चर झाली की चाक काढणं आलं, आणि भर उन्हात कशेडीच्या अलीकडे मागचं चाक काढणं हे साठीतलं काम नव्हे. ट्यूबलेसला खिळा काढून दोरी भरली की दहा मिनिटांत वाटेला लागता येतं. तारांच्या चाकाचं रूप देखणं असतं हे मान्य, पण ते फोटोपुरतं. एबीएस दोन्ही चाकांना असावा.

एक गोष्ट फक्त जुन्या मंडळींसाठी. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या पायाला. वीस-वीस वर्षं तशी गाडी चालवलेला माणूस नव्या गाडीवर शांतपणे नीट चालवतो. पण समोर अचानक कुत्रं आलं की डावा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो. सवय डोक्यात नसते, पायात असते. मधली दहा-पंधरा वर्षं फक्त ॲक्टिव्हा चालवलेल्यांचंही तेच, त्यांचा डावा हात ब्रेक शोधतो आणि क्लच दाबला जातो. अशांनी पहिला महिना रिकाम्या मैदानात किंवा पहाटेच्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक मारण्याचा सराव करावा. आणि गुडघे अगदीच साथ देत नसतील तर पाय न उचलता बसता येणारी मोठ्या अंगाची स्कूटर ही काही पराभवाची खूण नाही. तिची लहान चाकं खड्ड्यात जास्त आपटतात, एवढं धरून वेग कमी ठेवायचा.

मागे पत्नी बसणार असेल तर तिला शोरूममध्ये न्याच. मागच्या सीटची रुंदी, धरायची दांडी, पाय ठेवायची उंची यांवर तिचा निर्णय अंतिम मानावा. ती चढताना गाडी साइड स्टँडवर नको. तुम्ही दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक दाबून बसायचं आणि मग ‘बस’ म्हणायचं. दोघांच्या वजनाला मागच्या शॉकअपची कडकी एक-दोन घरं वाढवून घ्यावी, एकट्याने जाताना पुन्हा उतरवावी. बहुतेक लोक जन्मभर त्याला हात लावत नाहीत आणि ‘गाडी फार आपटते’ म्हणत राहतात.

सरासरी बांध्याच्या, एकट्याने किंवा जोडीने कोकण, पंढरपूर, फार तर नर्मदेकाठापर्यंत जाणाऱ्या माणसाला माझा कौल साडेतीनशे सीसीच्या गाडीला आहे: १८० ते १९५ किलो, सीट ८०० मिलिमीटरच्या आत. पाय आखूड असतील किंवा गुडघे दुखत असतील तर मिटिऑर, पाठ नाजूक असेल तर हायनेस. ॲव्हेंजर १६३ किलोची, सगळ्यात हलकी आणि बुटकी. कृश अंगाच्या माणसाने तिला हसण्यावारी नेऊ नये. साडेसहाशेची हौस असेल तर ती भाड्याच्या गाडीवर भागवावी.

भाड्याचं तर मी प्रत्येकाला सांगतो. शोरूमची चाचणी पंधरा मिनिटांची असते आणि पंधरा मिनिटं कुठलीही सीट मऊच लागते. पुण्या-मुंबईत, गोव्यात यातल्या बऱ्याच गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. मनात भरलेली गाडी दोन दिवसांसाठी घ्या, दोनशे किलोमीटर जा, रात्री मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना काय दुखतंय ते बघा. बुकिंग त्यानंतर करा. आणि बुकिंगच्या आधी लायसन्सवरची तारीखही पाहून घ्या: पंचावन्नच्या पुढे ते एका वेळी पाचच वर्षांसाठी वाढवून मिळतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र लागतं. ते नुसत्या सहीपुरतं घेऊ नका, त्या निमित्ताने डोळे आणि कान खरोखर तपासून घ्या.