तीन महाळुंगे आणि एक फॉर्म

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची निदान तीन गावं आहेत. एक आपल्या रोजच्या ओळखीचं, खेड तालुक्यातलं, चाकण एमआयडीसीतलं महाळुंगे इंगळे. दुसरं बालेवाडी स्टेडियमच्या शेजारचं, मुळशी तालुक्यातलं. ते 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं. तिसरं आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव. शिवाय कुणी 'महाळुंगे' लिहितं, कुणी 'म्हाळुंगे', आणि इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका! आता समजा, एका कंपनीच्या फॉर्मवर 'गाव' असा एकच मोकळा रकाना आहे आणि तुम्ही त्यात 'महाळुंगे' लिहून मोकळे झालात. कॉम्प्युटर दुरुस्त करायला निघालेला माणूस नक्की कुठे जाणार? तो बालेवाडीला पोचला तर दोष कुणाचा?

यावरचा उपाय आपण सगळ्यांनी वापरलेला आहे. घरच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन बघताना आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. 'पुणे' निवडल्याशिवाय तालुक्यांची यादी येत नाही आणि 'खेड' निवडल्याशिवाय गावांची. जिल्हा आधी का, तर खेड तालुका पुण्यात आहे तसाच रत्नागिरीतही आहे. आधीच्या उत्तरावर पुढच्या रकान्यातली यादी ठरते. पुढे गट नंबरने शोधायचं की नावाने, हे निवडलं की खालची चौकटही त्याप्रमाणे बदलते. फॉर्म आपल्या उत्तराप्रमाणे रूप बदलतो, म्हणून त्याला डायनॅमिक फॉर्म म्हणतात. (रकाना हा शब्द मला इथे आल्यावर कळला. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही सरळ फील्ड म्हणायचो. पण रकाना जास्त चांगला वाटतो, म्हणून या लेखात तोच.)

पडद्यावर नाव दिसत असलं तरी डेटाबेसमध्ये नाव साठवायचं नसतं, कोड साठवायचा असतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड 27 आणि पुणे जिल्ह्याचा 521. प्रत्येक गावालाही असाच स्वतंत्र कोड आहे. त्यामुळे स्पेलिंग कसंही असो, तीन महाळुंगे मशिनच्या दृष्टीने तीन वेगळी गावं राहतात.

गेल्या सुट्टीत मी महाळुंग्यातल्या एका कंपनीच्या आयटी विभागात सहा आठवडे इंटर्नशिप केली. (कंपनीचं नाव विचारू नका, सर्टिफिकेट अजून यायचंय!) मला वाटलं होतं रोबो बघायला मिळतील. मिळाले फॉर्म. मोठ्या कंपन्यांत आता पासवर्डपासून प्रिंटरपर्यंत काहीही हवं असेल तर आयटीवाल्यांना फोन करायचा नसतो. एक कॅटलॉग असतो, हॉटेलच्या मेनूकार्डसारखा. 'नवीन लॅपटॉप', 'सॉफ्टवेअर हवे', 'लॉगिन हवे' असे पदार्थ त्यात मांडलेले असतात. आपण एक निवडायचा, फॉर्म भरायचा, की तो आपोआप साहेबांच्या मंजुरीला आणि तिथून काम करणाऱ्याकडे जातो. यासाठी तयार सॉफ्टवेअर मिळतात. सर्व्हिसनाऊ हे त्यातलं मोठं नाव, 2004 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेलं. चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन आहे. बीएमसीचं रेमेडी आहे, आणि या बीएमसीचं पुण्यात मोठं ऑफिससुद्धा आहे. मुंबईची महापालिका ती वेगळी!

या सगळ्यांत डायनॅमिक रकान्यांची मूळ कल्पना एकच. नियम लिहायचा: 'अमुक रकान्यात तमुक उत्तर आलं, तर हा रकाना दाखव, तो लपव, हा सक्तीचा कर, त्याला कुलूप लाव.' सर्व्हिसनाऊमध्ये याला यूआय पॉलिसी म्हणतात, दुसरीकडे फॉर्म रूल म्हणतात. बहुतेक वेळा प्रोग्रॅमिंगही लागत नाही, माउसने निवडत जायचं. उदाहरणार्थ 'लॅपटॉप कशासाठी?' याचं उत्तर 'डिझाइन' असेल तर 'कोणतं कॅड सॉफ्टवेअर?' हा प्रश्न उघडतो. उत्तर 'ऑफिस काम' असेल तर तो दिसतच नाही. कागदी फॉर्मवर याच कामासाठी 'लागू असल्यास' असं छापलेलं असतं आणि आपण तिथे एक आडवी रेघ मारतो. डायनॅमिक फॉर्म म्हणजे ती रेघ आपल्या वतीने कॉम्प्युटरने मारणे.

ऐकायला सोपं आहे. पण खड्डे आहेत, आणि ते आपल्या चाकण रस्त्यासारखे लांबून दिसत नाहीत.

पहिला खड्डा शिळ्या उत्तराचा. तुम्ही पुणे, मुळशी, महाळुंगे असं निवडलंत. मग लक्षात आलं की तालुका खेड हवा होता. तालुका बदललात. गावाच्या रकान्यात अजून 'महाळुंगे' दिसतंय, म्हणून तुम्ही निर्धास्त सबमिट केलंत. पण आत कोड मुळशीच्या महाळुंग्याचाच राहिला! नाव सारखं असल्यामुळे डोळ्यांना कळणारही नाही. म्हणून वरचं उत्तर बदललं की त्यावर अवलंबून असलेले खालचे सगळे रकाने रिकामे करायचे, हा नियम आठवणीने घालावा लागतो. लपवलेल्या रकान्याचंही तसंच. डिझाइनवाल्याने कॅडचं नाव भरलं, मग मन बदलून 'ऑफिस काम' निवडलं. रकाना गायब झाला, पण भरलेलं नाव पोटात राहिलं, तर त्या महागड्या लायसन्सची मागणी बिनबोभाट पुढे जाऊ शकते.

दुसरा खड्डा माझ्या मते सगळ्यात छळणारा. रकाना सक्तीचा आहे आणि लपलेलाही आहे. सॉफ्टवेअर ही परिस्थिती आपापल्या पद्धतीने हाताळतात, पण नियम नीट लिहिला नसेल तर 'कृपया सर्व माहिती भरा' असा लाल मेसेज येतो आणि कुठली माहिती ते दिसत नाही. माणूस वर जातो, खाली जातो, पेज रिफ्रेश करतो, शेवटी ओळखीच्या आयटीवाल्याला फोन करतो. म्हणजे कॅटलॉगवर केलेला खर्च वाया! त्यामुळे 'लपव' आणि 'सक्ती काढ' या दोन सूचना जोडीनेच द्यायच्या.

तिसरी गोष्ट कॉम्प्युटरच्या मुलामुलींना माहीत असेलच. रकाना लपवणं म्हणजे सुरक्षितता नाही. लपवाछपवी ब्राउझरमध्ये चालते आणि ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो. थोडं डोकं चालवणारा माणूस लपलेला रकाना उघडून हवं ते पाठवू शकतो. म्हणून सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

पण हे सगळे तांत्रिक खड्डे. मला जास्त विचार करायला लावला तो 'लॉगिन हवे' या फॉर्ममधल्या पहिल्याच प्रश्नाने: 'कर्मचारी प्रकार'. पर्याय दोन होते, 'कायम' आणि 'प्रशिक्षणार्थी'. दोन्हींच्या खाली 'कंपनीचा ईमेल' हा रकाना सक्तीचा. आता एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहा. कायम कामगार, कंत्राटदारामार्फत आलेले, अप्रेंटिस, आमच्यासारखे इंटर्न, सगळे एकाच गेटमधून बाहेर पडतात. कायद्यालाही हा फरक माहीत आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. कंत्राटी माणूस मात्र यांतल्या कुठल्याच पर्यायात बसत नव्हता आणि त्याला कंपनीचा ईमेलही नव्हता.

मग व्हायचं काय? लाइनवर एक कंत्राटी दादा होते. मशिनशेजारच्या कॉम्प्युटरवर तपासणीचे आकडे भरणं हे त्यांचं काम. लॉगिनचा फॉर्म त्यांना पुढेच जाऊ देईना. सुपरवायझरने स्वतःचा पासवर्ड दिला. काम सुरू झालं, सगळे खूश. पण चार महिने त्या मशिनवरच्या प्रत्येक नोंदीखाली नाव सुपरवायझरचं! एका बॅचमध्ये गडबड निघाली तेव्हा आकडे कुणी भरले यावरून जोरदार वाद झाला. दादांनी आकडे बरोबर भरले होते, पण ते दाखवायला त्यांच्याकडे कागद नव्हता आणि कॉम्प्युटरच्या लेखी ते तिथे कधी कामालाच नव्हते. सुपरवायझर भला माणूस, त्याने खरं ते सांगितलं, म्हणून निभावलं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली. पर्यायांत 'कंत्राटी' वाढवायचा. तो निवडला की ईमेलचा रकाना लपवून त्याची सक्ती काढायची, आणि 'कंत्राटदार संस्था', 'गेटपास क्रमांक' आणि 'कंत्राट संपण्याची तारीख' हे तीन रकाने उघडायचे. तारीख महत्त्वाची, कारण त्या दिवशी लॉगिन आपोआप बंद होतं. मेंटॉर सरांनी हे काम मला दिलं. मी बनवलं, त्यांनी तपासलं. दादांना स्वतःच्या नावाचं लॉगिन मिळालं त्या दिवशी त्यांनी कँटीनमध्ये मला चहा पाजला.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना 'हॉस्टेलर' निवडल्यावर हॉस्टेलचा जिल्हा, तालुका, प्रकार, पत्ता असे रकाने येतात ना? 'डे स्कॉलर' निवडणाऱ्याला ते भरावे लागत नाहीत. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत आईवडील अल्पभूधारक शेतकरी आहेत की नोंदणीकृत मजूर, यावर कोणता दाखला जोडायचा हे ठरतं. वरचं एक उत्तर घाईत चुकलं की खालचा योग्य रकाना दिसणारच नाही, आणि जे दिसलंच नाही ते राहून गेलं हे कळणार कसं? म्हणून फॉर्म भरताना एखादी गोष्ट सापडत नसेल तर खाली शोधत बसू नका, वरची उत्तरं तपासा.

आता आपल्या हॉस्टेलचं तक्रारींचं रजिस्टर घ्या. त्यात 'नेट चालत नाही' अशी एका ओळीची तक्रार असते. लॅबचे सर येतात तेव्हा लिहिणारा क्लासला गेलेला आणि खोलीला कुलूप! रेक्टर मॅडमनी परवानगी दिली तर आम्ही तिघी मिळून याचा ऑनलाइन फॉर्म करायला तयार आहोत. पहिला प्रश्न: काय बिघडलंय? पंखा, नळ, नेट, मेस किंवा इतर. 'इतर' ठेवायचाच, आणि त्याखाली मोकळा रकाना, कारण हॉस्टेलमध्ये काय बिघडेल याची यादी ब्रह्मदेवालाही करता येणार नाही. 'नेट' निवडलं तर: फक्त तुमच्याच मशिनवर की पूर्ण विंगमध्ये? फक्त तुमच्याच असेल तर मशिनचा मॅक ॲड्रेस. पूर्ण विंग असेल तर मजला, बस. 'मेस' निवडलं तर खोली नंबर विचारायचाच नाही, म्हणजे लोक खरं लिहितील!

टेस्टिंगला मात्र माणसं लागतील. पाच हो-नाही प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र असले तरी वाटा होतात बत्तीस, म्हणजे एका फॉर्मच्या पोटात बत्तीस फॉर्म. प्रत्येक वाटेने एकदा सबमिट करून बघायचं, मग मध्येच उत्तर बदलून पुन्हा. फर्स्ट इयरच्या ज्यांना संध्याकाळी वेळ आहे त्यांनी खोली नंबर 14 मध्ये भेटावं. चहा आमच्याकडून.