जुना अँप्लिफायर भंगारात देण्याआधी



आमच्या गटाकडे एक जुना स्टिरिओ अँप्लिफायर आहे. लोखंडी पेटीचा, उचलायला दोघी लागतात. हळदीकुंकू, भजन, ग्रामसभेआधीची महिला सभा, सगळीकडे तोच. गावात भाड्यानेही जातो आणि ते पैसे गटाच्या खात्यात जमा होतात. गेल्या संक्रांतीला मात्र त्याने रडवलं. डावा स्पीकर मुका झाला, उजव्यातून सतत घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. त्यातच एका काकूंनी माईक हातात धरून दुसरा हात पेटीला लावला, तर सणकन झटका बसला. काकू थोडक्यात वाचल्या. पुढच्या बैठकीत निम्म्या जणी म्हणाल्या, भंगारात द्या. निम्म्या म्हणाल्या, दुरुस्त करू. शेवटी दुरुस्त केला. तेव्हा मेकॅनिकशेजारी बसून जे समजून घेतलं, ते आज सांगते.

आधी आत काय असतं ते बघू. सगळ्यात जड वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो घरातली २३० व्होल्टची वीज कमी व्होल्टची करतो. डायोड तिची एका दिशेने वाहणारी वीज करतात, पण ती झटक्याझटक्याने येते. ती एकसारखी करायला डब्यासारखे दोन मोठे कपॅसिटर असतात. आपल्या घरावरची टाकी आठवा. नळाला पाणी थांबून थांबून आलं तरी टाकीतून धार सारखी पडते. कपॅसिटरचं काम तेच. पुढे आवाज मोठा करणारे पॉवर ट्रान्झिस्टर असतात. आमच्यात जुन्या लोकांच्या ओळखीचे २एन३०५५ निघाले, धातूच्या टोपीचे. ते तापतात म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यांच्या पट्टीवर, म्हणजे हीट सिंकवर बसवलेले असतात. स्टिरिओ म्हणजे अशा दोन बाजू, डावी आणि उजवी.

आता ‘घूं’ का येतो? कपॅसिटरच्या आत ओलसर रसायन असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते सुकतं, डब्याचं डोकं फुगतं. टाकी गाळाने भरावी तसं होतं. मग विजेचे झटके थेट स्पीकरपर्यंत पोचतात. ट्रान्सफॉर्मर आणि हीट सिंक मात्र सहसा खराब होत नाहीत. जुन्या सेटची खरी किंमत त्यातच असते. म्हणून ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर दुरुस्ती परवडते, जळलेला असेल तर दोनदा विचार करा.

एक बाजू मुकी असेल तर दोष कुठे आहे ते आपण पेटी न उघडताही शोधू शकतो. सेट बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरचा. दुसरा मुका झाला तर दोष अलीकडे आहे. मग स्पीकर पूर्वीसारखे जोडा आणि मोबाईलकडून येणाऱ्या दोन पिनांची अदलाबदल करा. मुकेपणा बाजू बदलून गेला तर वायर खराब. तिथेच राहिला तर अँप्लिफायर आतून बिघडलाय. एवढं सांगून मेकॅनिककडे गेलं की उगाच सगळं बदलायचं बिल होत नाही. आवाज कमीजास्त करताना नुसती खरखर येत असेल, तर बहुतेक वेळा बटणाच्या आतली धूळ असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो.

पेटी मात्र आपण उघडायची नाही. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ते काम मेकॅनिकचं. पण समोर उभं राहून तीन गोष्टी नक्की बघा. एक, नवा कपॅसिटर जुन्याइतक्या किंवा जास्त व्होल्टचा हवा, कमी कधीच नको. दोन, ट्रान्झिस्टर बदलला तर त्याखाली अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट हवी, नाहीतर तो शॉर्ट होतो किंवा तापून जळतो. तीन, पहिल्यांदा चालू करताना स्पीकर न जोडता, मध्ये १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करायचा. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग सिरीज बल्ब काढून, स्पीकर जोडायच्या जागी मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजायचे. ते शून्याच्या अगदी जवळ हवेत. दोन-चार व्होल्ट दाखवले तर स्पीकरच्या कॉइलला धोका असतो.

सुधारणा काय करावी? आम्ही मोबाईलसाठी ब्लूटूथची छोटी पट्टी बसवली आणि स्पीकरच्या ढिल्या पिना बदलल्या. ‘वॅट वाढवून देतो’ असं कोणी म्हटलं तर विचारा, ट्रान्सफॉर्मर कोणता घालणार? तो तोच राहिला तर ताकद फारशी वाढत नाही. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज कानाला दुप्पट लागत नाही, थोडाच वाढल्यासारखा वाटतो. आणि मागे ८ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचा स्पीकर जोडू नका. ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

आता काकूंच्या झटक्याचं. आमच्या सेटला दोन तारांची वायर होती, अर्थिंग नव्हतं. आतल्या जुन्या वायरचं आवरण तडकून पेटीत वीज उतरली होती. आता तीन तारांची वायर लावली, हिरवी तार पेटीला स्क्रूने घट्ट जोडली, योग्य अँपिअरचा फ्यूज घातला. पण बोर्डाच्या सॉकेटमध्येच अर्थिंग नसेल तर हे सगळं व्यर्थ. समाजमंदिरातलं आम्ही तपासलं, तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती! ग्रामपंचायतीत अर्ज देऊन ती जोडून घेतली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. वीज गळली की तो क्षणात पुरवठा तोडतो.

शेवटचं, बदललेले जुने भाग परत मागा. काय बदललं आणि कधी, ते कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. पुढचा मेकॅनिक दुवा देईल.

आमचा सेट आता पुन्हा भाड्याने जातो. काकूंनीच परवा भजनाला माईक धरला. तुमच्या गटाकडे असा सेट असेल तर आज घरी गेल्यावर आधी त्याच्या प्लगला किती पिना आहेत ते बघा. दोनच असतील तर तो बदलून, अर्थिंग तपासून होईपर्यंत कार्यक्रमाला लावू नका.