मनातला तपासणी नाका

समुपदेशन सुरू केलं, काही महिने बरं चाललं आणि मग गाडी अडली. बाबांच्या आजारपणाचा विषय निघाला की मी विनोद करायचो. आपल्यापैकी अनेकांचं असं होतं.

माझं आजोळ कॅसलरॉक. पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीलगतचं हे स्टेशन. हद्द होती तोवर इथे कस्टम्सची तपासणी असे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि नाक्याचं काम संपलं.

विनोद, गप्प बसणं, सतत कामात राहणं हेही नाकेच. कधीकाळी त्यांनीच आपल्याला सांभाळलेलं असतं. हद्द गेल्याची खबर मात्र त्यांना नसते. अमेरिकन कुटुंब-उपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात मांडलेली पद्धत सांगते: या पहारेकऱ्याशी भांडू नका, त्याला विचारा, ‘तू बाजूला झालास तर काय होईल, असं वाटतं?’

माझ्या विनोदाने उत्तर दिलं, ‘तू रडलास तर आईला कोण सावरणार?’ आई आता सावरली आहे, हे मी त्याला सांगितलं. पुढच्या भेटीत बाबांबद्दल चार वाक्यं सरळ बोललो.

तुमचंही अडलं असेल तर समुपदेशकाला तसं मोकळेपणाने सांगा. फारच जड वाटलं तर भारतात टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.