10 फुटांवरचा प्रचार

पेनसिल्व्हेनिया राज्यात मतदान केंद्राच्या दारापासून 10 फूट सोडले की प्रचार करायला मोकळीक आहे. आपल्याकडे 100 मीटरची रेघ असते आणि मतदान संपायच्या 48 तास आधी भोंगे बंद होतात. अनसिंगला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करताना निवडणुकीची ड्युटी मी पुष्कळदा केली. खिशावर चिन्ह लावून कुणी त्या रेघेच्या आत आला तरी आम्ही पोलिसाला हाक मारायचो. म्हणून 5 नोव्हेंबर 2024 ला पिट्सबर्गजवळच्या एका चर्चबाहेर दोन्ही पक्षांचे लोक दाराच्या तोंडाशी खुर्च्या टाकून नमुना मतपत्रिका वाटताना दिसले, तेव्हा आता भांडण पेटणार असंच वाटलं. तसं काही झालं नाही. निळी टोपी घातलेल्या बाईंनी लाल टोपीवाल्या आजोबांना थर्मासमधली कॉफी ओतून दिली आणि दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागले.

मी तिथे मुलीकडे गेले होते. ती आणि जावई एच-वन-बी व्हिसावर आहेत. कर भरतात, पण मत नाही. त्यांना उमेदवाराला देणगीसुद्धा देता येत नाही, कायदाच तसा आहे. नातू तिथे जन्मला म्हणून नागरिक. उद्या तो अध्यक्षपदाला उभा राहू शकतो. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार मिशिगनमधून 2022 ला आणि परत 2024 ला काँग्रेसवर निवडून आले, तरी त्यांना अध्यक्ष होता येणार नाही, कारण त्यासाठी जन्माने नागरिक असावं लागतं.

मुलीच्या घराची बेल दिवसाआड वाजायची. एकदा दारात कॉलेजातली पोरगी होती, हातात मोबाइल आणि त्यात गल्लीतल्या मतदारांची यादी. त्या राज्यात नाव नोंदवतानाच आपण कोणत्या पक्षाचे ते लिहिता येतं आणि ती यादी पक्षांना मिळते. त्यामुळे कुठल्या घरी जायचं आणि कुठलं टाळायचं हे ठरलेलं. यादीत आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. माझी मुलगी म्हणाली, आम्हाला मत नाही. पोरीने मोबाइलवर खूण केली, हसून आभार मानले आणि पुढच्या घराकडे वळली. आपल्याकडचा कार्यकर्ता निदान पाणी पिऊन गेला असता. पण पैसे न घेता, थंडीवाऱ्यात, अनोळखी दारं वाजवत फिरणाऱ्या त्या पोरीबद्दल मला फार आदर वाटला.

एवढी धावपळ याच राज्यात का, हे समजून घेतल्याशिवाय अमेरिकेची निवडणूक कळत नाही. तिथे देशभरची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याला निर्वाचक ठरवून दिलेले आहेत, सगळे मिळून 538. ज्याला 270 मिळाले तो जिंकला. पेनसिल्व्हेनियाचे 19. राज्यात एका मताने पुढे असलात तरी सगळे 19 तुमचे. कॅलिफोर्नियाचे 54 आहेत, पण ते कुणाच्या पदरात पडणार हे आधीच ठाऊक, म्हणून तिथे कोणी फारसं फिरकत नाही. पेनसिल्व्हेनियात 2016 ला ट्रम्प 50 हजारांहून कमी मतांनी जिंकले आणि 2020 ला बायडन साधारण 80 हजारांनी. त्यामुळे मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ट्रम्प आणि कमला हॅरिस दोघेही पिट्सबर्गमध्येच सभा घेत होते.

केंद्राच्या आत मला जाता येणार नव्हतं. शेजारच्या बाई मत देऊन आल्या आणि मी त्यांना एकेक विचारत बसले. शाई लावतात का? नाही. ओळखपत्र? त्या केंद्रावर पहिल्यांदा येणाऱ्यालाच. मतपत्रिका कागदाची, पेनाने गोल भरायचा आणि यंत्रात सरकवायची. अध्यक्षाबरोबर सिनेटर, राज्याचा महाधिवक्ता, खजिनदार, सगळे एकाच कागदावर. मी थक्क झाले ते वेगळ्याच गोष्टीने. तिथला केंद्रप्रमुख त्याच वस्तीतून चार वर्षांसाठी निवडून आलेला असतो, तोही पक्षाच्या नावावर! त्याच्या दोन्ही बाजूंना बहुमताचा आणि अल्पमताचा असे दोन निरीक्षक, तेही निवडलेले. आम्हाला आदल्या दिवशी साहित्य वाटप होईपर्यंत आपलं गाव कोणतं हे कळत नसे, कारण ओळखीपाळखीचा संशयसुद्धा नको. त्यांची भिस्त शेजाऱ्यांनी एकमेकांवर ठेवलेल्या नजरेवर. देशभरासाठी आपल्यासारखा निवडणूक आयोग तिथे नाही, आणि रात्री विजेता कोण ते आधी वृत्तसंस्था सांगतात. मला आपली पद्धत जास्त भरवशाची वाटते, आणि हे मी शिक्षिका म्हणून नाही, केंद्रावर रात्र काढलेली बाई म्हणून सांगते.

मत नसताना हे सारं न्याहाळणारी पहिली मराठी बाई मी अर्थातच नव्हे. पंडिता रमाबाई मार्च 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि 1888 सरेपर्यंत त्या देशात हिंडत होत्या. तिथली राज्यव्यवस्था आणि विशेषतः तिथल्या स्त्रियांची स्थिती यांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक 1889 मध्ये निघालं. त्यांच्या मुक्कामातच, 1888 ला, ग्रोव्हर क्लीव्हलँड आणि बेंजामिन हॅरिसन यांची लढत झाली. क्लीव्हलँडना मतं सुमारे 90 हजारांनी जास्त पडली, पण निर्वाचक हॅरिसनना 233 आणि त्यांना 168, हरले. रमाबाईंना मत नव्हतं, तसं त्यांना घरी उतरवून घेणाऱ्या, त्यांची व्याख्यानं ठरवणाऱ्या शिकल्यासवरल्या अमेरिकन बायकांनाही नव्हतं. ते 1920 मध्ये साऱ्या देशात मिळालं. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये वारल्या, म्हणजे हे त्यांच्या हयातीतच घडलं.

त्या 1888 च्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता आयातकर. बाहेरच्या मालावर कर किती लावायचा, यावर गावोगाव भाषणं झडली. आणि 136 वर्षांनी पिट्सबर्गच्या टीव्हीवर मी पुन्हा तेच ऐकत होते. ट्रम्प प्रत्येक सभेत आयातकर वाढवीन म्हणत होते, तेव्हा मला आठवत होतं अनसिंगचं सोयाबीन.

आमच्या वाशिम जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन. दाण्यातलं तेल जेमतेम 18 टक्के, बाकी बहुतेक पेंड. म्हणून भाव तेलाइतकाच पेंडीवर चालतो, आणि पेंडीचा भाव जगाच्या बाजारात शिकागोकडे बघून ठरतो. 2018 मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर कर लावला, चीनने उलट अमेरिकेच्या सोयाबीनवर 25 टक्के लावला आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला त्याच्या सरकारने 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या मतामागे सरकारचा खजिना उभा राहिला. अनसिंगच्या शेतकऱ्याला त्या प्रचारात ना मत, ना कुणी दार वाजवणारं.

निकाल लागला त्या रात्री धाकट्या दिरांचा फोन आला. आपल्याकडेही 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 4892 रुपये होता, बाजारात त्याच्या खाली सौदे, आणि प्रचारात 6000 चा शब्द.

"वहिनी, ते ट्रम्प आले म्हणते. मंग आता चायना सोयाबीन कोणाचं घेईन?"

मला कळलं होतं तेवढं सांगितलं: कर लागला तर चीन पुन्हा ब्राझीलकडे जाईल, अमेरिकेचा माल तुंबेल, आणि तुंबलेला माल स्वस्त होऊन जगभरच्या पेंडीचा भाव पाडू शकतो. ते थोडं थांबले.

"मंग आपले दहा पोते आत्ताच मोडतो. बाकीचे ठेवतो मार्चपर्यंत."